'तूट' म्हणावं की 'पुरत नाही'?

प्रश्न (नाशिकरोड): ईपीएस-९५च्या (पीएफ असलेल्या कामगारांची पेन्शन योजना) पेन्शनरांसाठी मराठी पत्रक लिहितोय, एका शब्दावर अडलोय. या पेन्शन फंडाचं दरवर्षी मूल्यांकन होतं. आजवर कबूल केलेली पेन्शन पुढची कित्येक वर्षं द्यायला पैसा पुरेल का, ते त्यात बघतात. ३१ मार्च २०१९च्या मूल्यांकनात तो कमी पडत होता. मी 'तूट' लिहिलं. वडील सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. वाचून म्हणाले, "म्हणजे यंदा पैसे कमी जमले?" तसं नाही, वर्षाची जमा वाटपापेक्षा जास्तच असते. मग शब्द कोणता?

प्रतिसाद: दादा, वडिलांना त्या शब्दानेच तिकडे नेलं. 'तूट' आपण अर्थसंकल्पात वाचतो, म्हणून ती एका वर्षाची वाटते. लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांची तरतूद दरवर्षी करावी लागते, तिथे 'तूट' चपखल बसते. 'तुटवडा' खताचा, सिलिंडरचा. 'तोटा' धंद्यातला, शिवाय "नाशकात द्राक्षांना तोटा नाही" म्हणतो तेव्हा तोच शब्द उणीव सांगतो. पुढल्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब यातल्या एकातही मावत नाही.

प्रतिसाद (गंगापूर रोड): नाम शोधूच नका, क्रियापद घ्या: पुरणे. "एवढं पीठ आठवडाभर पुरेल" म्हणताना डबा भरलेलाच असतो, नजर पुढच्या दिवसांवर असते. गंगापूर धरणाचंही तेच. पावसाळा संपताना धरण भरलेलं असलं, तरी शहर, शेती, कारखाने यांची आरक्षणं मांडली की प्रश्न उरतो, जुलैपर्यंत पुरेल का? आवक, साठा, विसर्ग हे सगळं आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

आणि कृपा करून 'लाभार्थी' लिहू नका. मालक पगाराच्या ८.३३ टक्के या फंडात भरतो, केंद्र सरकार १.१६ टक्के. पगार कितीही जास्त असो, सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांवरच मोजतात, म्हणजे मालकाचे महिन्याला फार तर १,२५० रुपये. हे कामगाराच्या नोकरीवर जमलेलं आहे. त्याला 'हक्कदार' म्हणा, आणि फंडाच्या बाजूने 'देणं'. किमान पेन्शन २०१४पासून १,००० रुपयांवर थांबलीय; ती वाढवा म्हटलं की हेच कमी पडणं पुढे केलं जातं. निदान ते पेन्शनरांना नीट समजलं पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ता: ताई, आभार. वाक्य असं केलं: "आज जमा असलेला आणि पुढे जमा होणारा पैसा हक्कदारांचं सगळं देणं फेडायला पुरत नाही." वडिलांना वाचून दाखवलं. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मग कुठवर पुरेल?"