सोलंग–अटल बोगदा–सिस्सू, जानेवारीत स्वतःच्या गाडीने: बर्फावर काय सांभाळायचं?

कोथरूडकर८८:
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सू, त्याच दिवशी परत, असा बेत आहे. क्रेटा डिझेल, मॅन्युअल, टायर २१५/६० आर १७. घाट अंगवळणी पडलेत, बर्फ नाही. टायरवर चढवायची चेन लागतेच का? कुठल्या चाकांना? आणि गाडी घसरायला लागली तर नेमकं काय करायचं?

नटबोल्ट:
घाटाची सवय इथे थोडी आडवीच येते. कोरड्या डांबरावर टायरचं घर्षण ०.७ च्या आसपास, दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर जेमतेम ०.१. ताशी ३० ला ब्रेक मारला तर डांबरावर गाडी ५ मीटरांत उभी राहते, त्या थरावर ३५ मीटर जाते. हे सपाटीचं झालं. उतार दहाला एक असेल तर ते ०.१ उतारातच संपतं. ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबतच नाही. बर्फ पडल्यावर बोगद्याच्या मनालीकडच्या तोंडाजवळच्या धुंदीहून सोलंगकडे उतरताना गाड्या एकामागून एक आपटतात त्या याच कारणाने. वर चढली म्हणजे खालीही येईल, हे धरून चालू नका. फोर बाय फोरवाल्यांनीसुद्धा. चारही चाकांना ताकद मिळते ती चढायला. ब्रेक सगळ्यांच्याच गाडीला चार चाकांचे असतात.

पांढरा बर्फ निदान दिसतो. खरा धोका काळ्या बर्फाचा. दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं, ऊन सरलं की पारदर्शक थर होऊन बसतं आणि खालचं डांबर तसंच दिसत राहतं. रस्ता ओला चमकतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, तर तो बर्फच. सावलीतली वळणं, नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं त्या जागा आणि पूल इथे तो हमखास असतो. पूल खालूनही गार पडतो, म्हणून आधी गोठतो. बोगद्यातून उत्तरेला बाहेर पडताच चंद्रा नदीवरचा पूल लागतो. ९ किलोमीटर कोरड्या रस्त्याने वेग वाढलेला असतो, त्यामुळे तोंडाच्या आधीच तो २० वर आणा. सकाळी दहाच्या आधी निघू नका आणि तीनच्या आत परतीचा बोगदा ओलांडा.

चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडून निघा. मध्ये थांबू नका. पुढची गाडी वळण पार करेपर्यंत खालीच थांबा. उतरताना पहिला किंवा दुसरा. गिअर वळणाच्या आधी टाका, वळणात नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात ओढून धरतं, त्यामुळे क्लच झटकन सोडला तर पुढची चाकं घसरतात. तसं झालं तर क्लच पुन्हा दाबा.

स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जातेय? ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग आणखी न वळवता थोडं सरळ करा. पकड आली की नाक आपोआप वळतं. मागची बाजू डावीकडे निघाली तर स्टिअरिंगही डावीकडे, आणि गाडी सावरताच सरळ. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, तेव्हा थांबायचं असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा. पायाखाली थरथर होईल, पाय उचलू नका.

चाकोरी:
चेनबद्दल. क्रेटाला ओढ पुढच्या चाकांची, म्हणून चेन पुढे. स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा असेल तर मागे. पण फक्त पुढे लावली तर उतारावर मागची चाकं मोकळी राहतात आणि शेपूट फिरतं. जमलं तर दोन जोड घ्या. भाड्याने घेताना टायरवरचा आकडा दाखवा, 'सगळ्यांना बसते' यावर जाऊ नका. सैल चेन ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासते. हॉटेलच्या अंगणात हातमोजे घालून एकदा लावून बघा: आतली कडी आधी, मग बाहेरची, गाडी अर्धं चाक पुढे, मग ताण. ५०–१०० मीटर गेल्यावर परत ताणायचीच, नाहीतर ती चाकावरून उतरते. वेग ३० च्या आत. कोरड्या डांबरावर कड्या तुटतात, म्हणून बोगद्याआधी मोकळी जागा बघून काढा, पलीकडे गरज पडली तर पुन्हा लावा. कंटाळवाणं आहे खरं.

पकड मिळावी म्हणून हवा कमी करू नका. तापमान ५–६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय आपोआप कमी होते. पुण्यात २५ अंशांना भरलेली हवा उणे ५ ला नुसत्या थंडीने साधारण ५ पीएसआयने उतरते. मनालीत सकाळी थंड टायरवर तपासा.

गारठा:
रात्रीचं राहून गेलं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलसर ब्रेक गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. वायपर उभे करा. काचेवर गरम पाणी टाकलंत तर तडा ठरलेला. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालत आला असाल तर निघण्याआधी निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं पूर्ण बदलून घ्या. सकाळी गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडली तर बहुधा डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये अडकलंय. त्यावरचं रसायन आधी घालायचं असतं, मेण धरल्यावर उपयोग नाही. आणि टाकीखाली शेकोटी, कोणी कितीही सांगितलं तरी, नाही.

कोथरूडकर८८:
खूप आभार. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू लागलं की इंजिनची ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद करायचं का? आणि ट्रॅफिकमध्ये रात्र काढावी लागली तर?

नटबोल्ट:
चालूच ठेवा. भुसभुशीत बर्फात चाक रुतलं आणि इंजिन ताकदच देईना, तेवढ्यापुरतं बंद करा. पहिला–रिव्हर्स करत गाडी झुलवा, बाहेर आली की लगेच चालू. चाकाखाली फूटमॅट घातलं असेल तर आसपास कुणाला उभं करू नका, ते सटकन उडतं. अडकलात तर हीटर तासाला दहा मिनिटंच, एक काच बोटभर उघडी. पण इंजिन सुरू करण्याआधी दरवेळी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ हाताने काढायचा. तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो.