कोल्हापूर-मुंबई विमानाने: अंतर किती, वेळ किती धरायचा?

टेंबलाईकर: एका साइटवर कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर १६६ दाखवतंय, दुसरीकडं ३०८. वेळ ३५ मिनिटं लिहिलाय, तिकिटावर मात्र तासाच्या वर. खरं कुठलं धरायचं? मुंबईहून त्याच रात्री परदेशी विमान पकडायचंय.

उजळाईवाडी_०७: दोन्ही आकडे बरोबर आहेत भावा. १६६ सागरी मैल आणि ३०८ किलोमीटर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. कागदावर ताळा करून बघ. आपला विमानतळ साधारण १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व, मुंबई १९.०९ आणि ७२.८७. अक्षांशाचा फरक २.४३, अंशाला १११ किमी, झाले २७०. रेखांशाचा फरक १.४२, पण आपल्या पट्ट्यात तो अंश १०६ किमीच भरतो, म्हणून १५०. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ३०९. किलोमीटरभर इकडंतिकडं होणारच. रस्त्यानं हेच ३८० च्या आसपास पडतं.

धावपट्टी२५: ३५ मिनिटं हा निव्वळ भागाकार आहे. एटीआर ७२ या पंख्याच्या छोट्या विमानाचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, पण तो वर पोचल्यावर. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो, आणि एवढ्याशा अंतरात निम्मा वेळ त्यातच जातो. शिवाय तिकिटावरची वेळ धरतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. छोटं जेट असलं तरी फार तर दहा-बारा मिनिटं वाचतील.

खरी गोची मुंबईत. २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं ठाणे खाडीकडून, पूर्वेकडून रांगेनं येतात. रांग लांबली की घिरट्या. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. पाच घातल्या तर वीस मिनिटं गेली. पावसाळ्यात ढग खाली आले की कोल्हापुरातूनच सुटायला उशीर होतो, तो वेगळा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली: तिकिटावरचा कोड आधी बघा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दुसरं असेल तर टॅक्सीनं सहार गाठायचं, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. बीओएमलाच टर्मिनल १ वर उतरलात तरी परदेशी विमानासाठी टर्मिनल २ ला रस्त्यानंच जावं लागतं.

दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर आहेत का? वेगवेगळी असतील तर बॅग स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन करायची, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. परदेशी विमानाला तीन तास आधी हजर व्हायचं म्हटलं, तर मध्ये किमान सहा तास ठेवा. जून ते सप्टेंबर असेल तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस बरी. सकाळी सीएसएमटीला उतरवते.

टेंबलाईकर: कोड बीओएम आहे, पण बुकिंग वेगवेगळं. मग महालक्ष्मीच बघतो.

उजळाईवाडी_०७: वेटिंग तपासून मगच विमानाचं रद्द कर.