मे महिन्यातील स्लॅब : उन्हाने काँक्रीट लवकर पक्के होते का?

चंद्रपूरकर :
नमस्कार. चंद्रपूरला आमच्या घराचा स्लॅब येत्या आठवड्यात, ऐन मे महिन्यात टाकायचा आहे आणि दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आहे. सिमेंट पीपीसी (फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख मिसळलेले) असून सर्वांत मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, ४ मीटरचा आहे. ठेकेदारांचे म्हणणे असे की एवढ्या उन्हात काँक्रीट आपोआप लवकर पक्के होते, त्यामुळे पाच दिवस पाणी मारले तरी पुरते आणि सेंट्रिंगही लवकर काढता येते. हे कितपत खरे मानावे?

संरचना अभियंता :
ठेकेदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेते, त्यामुळे पहिले काही दिवस अशा काँक्रीटची ताकद जास्त भरते. मात्र २८ दिवसांनी तेच काँक्रीट बेताच्या तापमानात मुरलेल्या काँक्रीटच्या मागे पडते, कारण घाईने तयार झालेली संयुगे सिमेंटच्या कणांभोवतीच दाट साचून आतल्या भागापर्यंत पाणी पोचू देत नाहीत आणि कणांमधल्या पोकळ्या मोठ्याच राहतात. पीपीसीतील फ्लाय ॲशची क्रिया तर मुळातच संथ असते. पाचव्या दिवशी पाणी तोडले तर ती अर्धवटच राहील. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात कोरड्या, उष्ण हवेसाठी किमान १० दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटसाठी १४ दिवस ओलावा राखण्याची शिफारस आहे. तुमच्या गाळ्याला साध्या सिमेंटसाठीसुद्धा टेकू किमान ७ दिवस ठेवावे लागतात. पीपीसीला त्याहून अधिक.

साइटवरचा :
वरील उत्तराशी सहमत आहे, पण विदर्भात स्लॅब बिघडतो तो बहुधा पहिल्या काही तासांतच. पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला तासाला सुमारे १ किलोपेक्षा जास्त पाणी उडू लागले की काँक्रीट घट्ट होण्याआधीच त्याला तडे जातात, आणि कोरडा वारा असला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून काम उन्हे उतरल्यावर सुरू करावे, खडी सावलीत ठेवून तिच्यावर आधीपासून पाणी शिंपडावे आणि ओततेवेळी काँक्रीट ४० अंशांच्या आत ठेवावे. मिश्रण लवकर आळते म्हणून मिक्सरवर वरून पाणी वाढवण्याचा मोह मात्र कामगारांना होऊ देऊ नये.

चंद्रपूरकर :
आभारी आहे. दुपारी तापलेल्या स्लॅबवर बोअरचे गार पाणी मारले तर चालेल का?

संरचना अभियंता :
एकदम नको. पाणी काँक्रीटपेक्षा साधारण ११ अंशांहून अधिक थंड असेल तर पृष्ठभाग अचानक आकसून तडकू शकतो. फिनिशिंग होताच प्लास्टिकचा कागद अंथरावा, दुसऱ्या दिवशी सकाळी, स्लॅब तापण्यापूर्वी, बांध घालून पाणी साठवावे आणि ते आटण्याआधीच भर घालत राहावे; दिवसातून दोनदा पाइप फिरवल्याने मधल्या वेळात स्लॅब वाळतोच.