मदत हवी आहे: आईचा आयएनआर आणि परसातलं अळू

आई ७१ वर्षांची, कऱ्हाडजवळ गावी एकटी असते. मी ठाण्यात. चार वर्षांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं, तेव्हापासून अ‍ॅसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे. एक दिवस २ मिग्रॅ, एक दिवस १. महिन्याच्या डोसचे आकडे मी कालनिर्णयवर लिहून येते, गोळी घेतली की ती फुली मारते.

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) २ ते ३ हवा. जूनमध्ये २.४ होता, श्रावणात १.५. परसात अळू माजलंय, रोज फदफदं! डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला आणि इकडे मी शहाणपणा करून अळू बंद करायला सांगितलं. तिने पालेभाजीच सोडली. पुढचा रिपोर्ट ३.९. दात घासताना हिरडीतून रक्त आलं तशी घाबरली, तीन दिवस गोळी घेतलीच नाही. फुल्या मात्र आहेत, एका दमात मारलेल्या, म्हणून तर कळलं.

शेजारच्या काकू म्हणतात, त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन घ्या. मला वाटतं अ‍ॅपिक्साबॅनसारखी नवी गोळी मागावी, रक्त तपासायची कटकट नाही. कुणाला अनुभव?

प्रतिसाद
ताई, माझं औषधांचं दुकान आहे. आधी गोळीबद्दल डॉक्टरांना आजच फोन करा, तिने मनाने बंद ठेवायची नाही. या आजारात हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की झटका. अ‍ॅस्पिरिन तिथे फार कमी पडतं. पालेभाजी तोडू नका, दर आठवड्याला सारखीच ठेवा. तिच्यातलं व्हिटॅमिन के या गोळीचा परिणाम कमी करतं, ते कमीजास्त झालं की आयएनआर हलतो. गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर देऊ नका, रक्तस्राव वाढतो.

नव्या गोळीआधी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट बघा. लहानपणच्या सांधेतापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल तर जुनीच गोळी देतात. २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा रुग्णांमध्ये रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या प्रकारच्या गोळीवर मृत्यू कमी होते.

धागाकर्ती
फाइल काढली. 'मॉडरेट मायट्रल स्टेनोसिस', म्हणजे तीच झडप मध्यम अरुंद, स्पष्ट लिहिलंय, चार वर्षं माझ्याच कपाटात. आईला विचारलं तर म्हणाली, पाचवीत गुडघे सुजून महिनाभर शाळा बुडाली होती.

डॉक्टरांशी बोलले. कालपासून गोळी सुरू, सोमवारी पुन्हा आयएनआर. अळू मंगळवारी आणि शुक्रवारी. कालनिर्णयवर आता आकड्याशेजारी 'अ' पण लिहायचा. आणि रोज रात्री फोनवर फुली विचारायची.