ईएचसी प्लॅन: ‘योजना’ की ‘आराखडा’?

तळटीप: इंग्लंडमधल्या मराठी पालकांसाठी माहितीपत्रक करतो आहोत. विषय: विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांचा एज्युकेशन, हेल्थ अँड केअर (ईएचसी) प्लॅन आणि त्यात सुचवले गेलेले बदल. २०१४च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टने आणलेला हा कायदेशीर दस्तऐवज वयाच्या २५व्या वर्षापर्यंत चालू राहू शकतो. आम्ही ‘योजना’ लिहिलं, मुद्रितशोधकांनी सगळीकडे ‘आराखडा’ केलं. काय ठेवावं?

वेलांटी: ‘योजना’ नकोच. योजना म्हटलं की माणूस पात्रता, अर्जाची मुदत आणि खात्यात जमा होणारी रक्कम शोधतो. हा एकाच मुलाच्या नावाचा कागद आहे.

बखरकार: आराखडाही पक्का वाटत नाही. शहराचा विकास आराखडा आठवा: आधी प्रारूप, मग हरकती-सूचना. इथे तर मसुदा वेगळा येतो आणि त्यावर म्हणणं मांडायला पालकांना किमान १५ दिवस मिळतात. ‘आराखड्याचा मसुदा’ म्हणजे कच्च्याचा कच्चा खर्डा. (आराखडा ‘आरेखन’वरून आला असावा, हा माझा जुना संशय.)

वेलांटी: संशयच राहू द्या तो.

टेम्सकाठी: नावावर एवढं अडू नका, पालक अडतात ते प्लॅनच्या विभाग एफमध्ये, म्हणजे शिक्षणातली मदत लिहिलेल्या भागात. आणि आधी एक करा: इंग्रजीत कायद्याचंही ‘सेक्शन’ आणि प्लॅनचंही ‘सेक्शन’. मराठीत कायद्याचं ‘कलम’, प्लॅनचे ए ते के ‘विभाग’ असं वेगळं ठेवा, म्हणजे निम्मा घोळ मिटेल. २०१४च्या कायद्याचं कलम ४२ म्हणतं, विभाग एफमध्ये लिहिलेली मदत मिळवून देणं स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे काउन्सिलवर, बंधनकारक. म्हणून तिथली भाषा मोजून-मापून हवी. ‘स्पीच थेरपीची संधी उपलब्ध असावी’ हे वाक्य फुकट आहे. ‘पात्र थेरपिस्टकडून सत्रातल्या प्रत्येक आठवड्याला ४५ मिनिटं, एकास एक’ असं असेल तर चुकवता येत नाही. तीच थेरपी विभाग जीमध्ये, म्हणजे आरोग्याखाली, ढकलली गेली तर अपिलात ट्रायब्युनल (अपील ऐकणारं न्यायाधिकरण) फक्त शिफारस करू शकतं. पत्रकात हे ठळक छापा.

बखरकार: ‘असावी’चा मुद्दा लाख मोलाचा. आपल्या शासन निर्णयांत ‘करण्यात यावे’ हा हुकूम असतो, पण घरी ‘करावं’ म्हणजे केलं तर बरं. तिथल्या विशेष शैक्षणिक गरजांच्या मार्गदर्शक संहितेत ‘मस्ट’ म्हणजे कायद्याचं बंधन. ‘शुड’ म्हणजे विचारात घ्यायलाच हवं, पाळलं नाही तर कारण द्यावं लागतं. दोन्हींना ‘करावे’ लिहिलंत तर पालकाचा हक्कच पुसला. पहिल्याला ‘केलेच पाहिजे’ लिहा.

वेलांटी: आणि ‘स्पीच थेरपी’ला ‘वाचोपचार’ का नाही?

टेम्सकाठी: कारण पालकाला शाळेत जाऊन तोच शब्द उच्चारायचा आहे.

वेलांटी: मग मराठी पत्रक कशाला काढता? ‘प्रोव्हिजन’ला तरी ‘तरतूद’ चालेल ना?

बखरकार: तरतूद मूळ अरबी ‘तरद्दुद’, म्हणजे येरझारा, घालमेल. शुद्धतावाद्यांनी विचार करावा. काउन्सिलच्या दारात हेलपाटे घालणाऱ्यांना मात्र मूळ अर्थ लगेच पटेल. माझी हरकत दुसरी आहे: ‘तरतूद’ म्हटलं की अर्थसंकल्प आठवतो. ‘मदत’ लिहा.

वेलांटी: मदत मेहेरबानी वाटते. हक्काची गोष्ट आहे ही.

तळटीप: बदलांचा भाग अजून बाकी आहे. २०२२च्या हरितपत्रिकेत (सरकारने चर्चेसाठी काढलेल्या कागदात) देशभर एकच नमुना, पालकांपुढे शाळांची ठरावीक यादी आणि अपिलाआधी सक्तीची ‘मेडिएशन’ सुचवली होती. २०२३च्या सुधारणा कार्यक्रमात ती सक्ती गळली. पुढची श्वेतपत्रिका ऑक्टोबर २०२५मध्ये लांबणीवर पडून २०२६वर गेली. मेडिएशनला आम्ही ‘लवाद’ लिहिलं आहे.

टेम्सकाठी: लवाद अजिबात नको! लवादाचा निवाडा बांधून घालतो. इथे नुसती ‘मध्यस्थी’ आहे, तीही नाकारता येते. मध्यस्थी सल्लागाराशी संपर्क करून प्रमाणपत्र घेतलं की अपील मोकळं, आणि वाद फक्त शाळेच्या नावाचा, म्हणजे विभाग आयचा असेल तर प्रमाणपत्रही लागत नाही. अपिलाची मुदत निर्णयापासून दोन महिने किंवा प्रमाणपत्रापासून एक महिना, यातली जी नंतर संपेल ती. ‘लवाद’ वाचून पालक आधीच हबकतील आणि त्यात तारीख निघून जाईल.

बखरकार: ‘श्वेतपत्रिका’ही फसवी. महाराष्ट्रात २०१२ची सिंचनाची श्वेतपत्रिका आठवते, म्हणजे झाल्या खर्चाचा खुलासा. ब्रिटिश श्वेतपत्रिका पुढच्या कायद्याचे प्रस्ताव मांडते. वाचणाऱ्याला वाटेल, घोटाळा उघड होणार.

वेलांटी: मग ‘धोरणपत्र’ लिहा.

बखरकार: धोरण ठरल्यासारखं वाटेल. ‘प्रस्तावपत्र’.

टेम्सकाठी: सगळी वर्तमानपत्रं श्वेतपत्रिका लिहितात, पालक तेच शोधतील. तेच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ द्या.

तळटीप: ठीक. पण शीर्षकात योजना की आराखडा? छपाई गुरुवारी आहे.

वेलांटी: ‘केअर’ला ‘काळजी’ लिहिलंय का? विभाग एच सोशल केअरचा आहे, तिथे ‘सामाजिक काळजी’ वाचून काहीच कळणार नाही.