मदत हवी आहे: न्यूमेरिकल मोटिव्ह सेमीसिम्पल आहेत, मग कोहोमॉलॉजीवरचा फ्रोबेनियस का नाही?

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर कॉलेजचे तास आटोपले की फायनाइट फील्डवरच्या (मोजक्या घटकांच्या संख्याव्यवस्थेवरच्या) व्हरायटी, म्हणजे बहुपदी समीकरणांनी ठरणारे आकार, आणि त्यांचे मोटिव्ह (त्या आकारांतल्या बीजीय चक्रांतून बांधलेला त्यांचा गाभा) वाचत बसतो. आमच्या तालुक्याच्या गावी हे विचारावं असं कुणी नाही, म्हणून इथे लिहितोय. एका पायरीवर महिनाभर अडलोय. हातानं काय काय करून पाहिलं ते आधी सांगतो, म्हणजे माझं कुठे चुकतंय ते जाणकारांना लगेच दिसेल.

वक्र घेतला य² = क्ष³ − क्ष. त्याला इ म्हणू. ३ घटकांच्या फील्डवर क्ष कुठलाही घ्या, क्ष³ − क्ष शून्यच येतं. म्हणून असे ३ बिंदू आणि अनंतावरचा १, एकूण ४. फ्रोबेनियस म्हणजे फील्डमध्ये जितके घटक तितका घात प्रत्येक निर्देशकावर चढवणारं फलन. त्याचा ट्रेस ३ + १ − ४ = ०, आणि आयगेनव्हॅल्यू √−३ व −√−३.

आता इ×इ हे पृष्ठ. त्याच्या दुसऱ्या कोहोमॉलॉजीची (पृष्ठाला जोडलेली व्हेक्टर स्पेस, जिच्यावर फ्रोबेनियस मॅट्रिक्ससारखा चालतो) मिती ६. तिथे आयगेनव्हॅल्यू ३ चार वेळा येते आणि −३ दोन वेळा. टेटच्या अनुमानाप्रमाणे ३ जितक्या वेळा आली तितके एकमेकांपासून स्वतंत्र वक्र या पृष्ठावर मिळायला हवेत, आणि तेही ३ घटकांच्या फील्डवरच. मी शोधायला बसलो. इ×० आणि ०×इ हे दोन तर समोरच आहेत. तिसरा कर्ण. चौथ्यासाठी दोन दिवस गेले. तो म्हणजे (क्ष, य) पासून (क्ष + १, य) कडे नेणाऱ्या फलनाचा आलेख! कॅरॅक्टरिस्टिक ३ असल्यामुळे (म्हणजे इथे ३ = ०) क्ष च्या जागी क्ष + १ घातलं तरी समीकरण जसंच्या तसं राहतं.

९ घटकांच्या फील्डवर गेलो की ३ आणि −३ दोघांचेही वर्ग ९, म्हणजे सहाच्या सहा आयगेनव्हॅल्यू सारख्या होतात. दोन नवे वक्र हवेत. तिथे √−१ मिळतं, त्यामुळे (क्ष, य) पासून (−क्ष, √−१·य) कडे जाता येतं. त्याचा आलेख पाचवा, आणि आधीच्या फलनाशी त्याची संयुती केली की सहावा. ही दोन फलनं क्रम बदलला की वेगळं उत्तर देतात, म्हणजे एंडोमॉर्फिझमची (वक्राला स्वतःकडेच नेणाऱ्या फलनांची) रिंग क्रमनिरपेक्ष नाही. ताळा म्हणून बिंदूही मोजले: १६. ट्रेस −६ यायला हवा होता, तसाच आला.

हाच वक्र ५ घटकांच्या फील्डवर घेतला तर बिंदू ८ आणि आयगेनव्हॅल्यू −१ ± २√−१. तिथे फील्ड कितीही वाढवा, स्वतंत्र वक्र ४ च्या वर जात नाहीत. नुसते बिंदू मोजून पृष्ठावर वक्र किती आहेत हे कळतं, ही गोष्ट कागदावर पहिल्यांदा जुळली त्या रात्री मला झोप लागली नाही. टेटनं १९६६ मध्ये फायनाइट फील्डवरच्या सगळ्या अबेलियन व्हरायटींच्या (इ सारख्या, ज्यांच्या बिंदूंची बेरीज करता येते अशा) डिव्हायजरसाठी (मितीनं एकानं कमी असलेल्या तुकड्यांसाठी) हे सिद्ध केलं.

आता अडचण.

उवे यान्सननं १९९२ मध्ये दाखवलं की बीजीय चक्रांवर (आतल्या उपव्हरायटींच्या बेरजा-वजाबाक्यांवर) न्यूमेरिकल समतुल्यता घेऊन, म्हणजे इतर सगळ्या चक्रांशी ज्यांचे छेदांक सारखे ती एकच मानून, मोटिव्ह बांधले तर ती कॅटेगरी सेमीसिम्पल असते, म्हणजे तिथलं सगळं साध्या तुकड्यांच्या बेरजेत सुटतं. कुठलंही अनुमान गृहीत न धरता! फ्रोबेनियसचा आलेख हे एक चक्रच, आणि तो सगळ्या कॉरस्पॉन्डन्सशी (व्हरायटीच्या स्वतःशीच केलेल्या गुणाकारावरच्या चक्रांशी) क्रमनिरपेक्ष आहे, म्हणजे सेमीसिम्पल अल्जिब्राच्या केंद्रात बसतो. मग त्याच्या मिनिमल पॉलिनॉमियलला दुहेरी मुळं असूच शकत नाहीत. इथवर मला पटलंय. तर एल-ॲडिक (एल ही कॅरॅक्टरिस्टिकहून वेगळी मूळ संख्या) कोहोमॉलॉजीवरही फ्रोबेनियस डायगनलायझेबल आहे असं लगेच का म्हणता येत नाही? कुठल्याही गुळगुळीत प्रोजेक्टिव्ह व्हरायटीसाठी हे अजून अनुमानच आहे, असं सगळीकडे वाचतो.

माझा अंदाज असा की न्यूमेरिकल आणि होमोलॉजिकल समतुल्यता (कोहोमॉलॉजीत सारखी दिसणारी चक्रं एकच मानणं) एकच आहेत हे सिद्ध नसल्यामुळे हे अडतंय. ग्रोथेन्डीकच्या स्टँडर्ड कंजेक्चर्समधून ते निघालं असतं. त्यावरचं त्यांचं छोटंसं टिपण आपल्या मुंबईत, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये १९६८ साली झालेल्या परिषदेच्या ग्रंथात छापलंय, हे कळल्यापासून तर हा प्रश्न मला घरचाच वाटतो. पण अंदाज म्हणजे समज नव्हे. नेमकं काय बिघडू शकतं ते कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १

तुमचा अंदाज बरोबर आहे. आता बिघाड कुठे लपतो ते पाहू.

न्यूमेरिकल मोटिव्हमध्ये फ्रोबेनियसचं मिनिमल पॉलिनॉमियल पी समजा. फ्रोबेनियसचा आलेख पी मध्ये घातलात की मिळणारं चक्र न्यूमेरिकली शून्य आहे, म्हणजे कुठल्याही चक्राशी त्याचा छेदांक ० येतो. लेफ्शेट्झच्या सूत्रानं छेदांक म्हणजे सगळ्या डिग्रींवरच्या ट्रेसची आलटून पालटून चिन्हं लावलेली बेरीज. ही बेरीज डिग्रीनुसार सुटी करायला कॅट्झ आणि मेसिंग यांचं १९७४ चं काम लागतं. देलिन्यच्या प्रमेयामुळे वेगवेगळ्या डिग्रीतल्या आयगेनव्हॅल्यू एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून त्या त्या डिग्रीवरचं प्रोजेक्शन फ्रोबेनियसच्याच पॉलिनॉमियलनं लिहिता येतं. मग प्रत्येक डिग्रीत पी(फ्रोबेनियस) च्या सगळ्या घातांचा ट्रेस शून्य, म्हणजे ते निलपोटंट (स्वतःशी पुरेशा वेळा गुणलं की शून्य होणारं).

आणि इथेच थांबावं लागतं. निलपोटंट म्हणजे शून्य नव्हे. जॉर्डन ब्लॉक (डायगनलायझेबल नसलेला तुकडा) असेल तर ट्रेसला तो दिसतच नाही, आणि न्यूमेरिकल समतुल्यतेला ट्रेसपलीकडचं काही कळत नाही. यान्सनचं प्रमेय ज्या जगात खरं आहे तिथून कोहोमॉलॉजीकडे जायला आज वाट नाही, कारण न्यूमेरिकली शून्य असलेलं चक्र कोहोमॉलॉजीतही शून्यच असतं हे आपल्याला माहीत नाही. दोन्ही समतुल्यता एकच निघाल्या तर पी(फ्रोबेनियस) खरोखर शून्य होईल आणि तुमचा युक्तिवाद पूर्ण होईल.

उलट दिशेनं मात्र फसू नका: फ्रोबेनियस सेमीसिम्पल आहे एवढ्यावरून दोन्ही समतुल्यता एकच ठरत नाहीत. अबेलियन व्हरायटीवर फ्रोबेनियस सेमीसिम्पल असतो हे वेलनं रोसाती इन्व्होल्यूशनच्या (एंडोमॉर्फिझमवरची, दोनदा केली की मूळ परत देणारी क्रिया) धनात्मकतेवरून दाखवलं होतं. तरी तिथेही या दोन समतुल्यता एकच आहेत हे क्लोझेलनं १९९९ मध्ये दाखवलं ते सगळ्या एल साठी नाही, अनंत एल साठी.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री २×२ मॅट्रिक्स घेऊन पाहिलं: कर्णावर दोन्हीकडे ३, वर उजवीकडे १. तिच्यातून ३ पट आयडेंटिटी वजा केली की उरलेल्या मॅट्रिक्सच्या प्रत्येक घाताचा ट्रेस ०, पण मॅट्रिक्स शून्य नाही. महिनाभर मी 'ट्रेस शून्य' वाचून मनात 'शून्य' असं लिहीत होतो.

आता इ×इ×इ×इ घेऊन मधल्या कोहोमॉलॉजीतल्या आयगेनव्हॅल्यू मोजायला बसतोय. इलिप्टिक वक्रांच्या गुणाकारांसाठी टेटचं अनुमान श्पीसनं १९९९ मध्ये सिद्ध केलंय आणि तिथे डिव्हायजरचे छेद पुरतात, असं वाचलंय. पण ज्या अबेलियन व्हरायटीत डिव्हायजर पुरत नाहीत, तिचं बिंदू मोजून हाताला येईल असं एखादं उदाहरण कुणाकडे आहे का? चार मितीचं असलं तरी चालेल, वेळ लागला तर लागू दे.