नवा कर्नल बूटच होईना, ‘अननोन-ब्लॉक(0,0)’

प्रश्न: मंडळी, डेबियन 12 (लिनक्स) वर 6.6 कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपाइल केला. बिनबोभाट झाला. रीबूट केलं की ‘अननोन-ब्लॉक(0,0)’ म्हणत पॅनिक (कर्नल तिथंच थांबतो). डिस्क एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). जुना कर्नल ठणठणीत चालतोय.

उत्तर: (0,0) म्हणजे कर्नलला डिस्कच दिसत नाहीये. डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलबाहेरची वेगळी फाइल) आहे, आणि मॉड्यूल त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच! /boot फोल्डरमध्ये नव्या कर्नलची इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) आहे का बघ.

प्रश्नकर्ता: नाहीये हो. बूट पार्टिशन काठोकाठ भरलंय.

दुसरं उत्तर: डीबग सिम्बॉलसकट (चुका शोधायच्या जादा माहितीसकट) मॉड्यूल्स टाकली की इनिटआरडी शेकडो एमबी फुगते. मॉड्यूल्स ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=1’ (ही जादा माहिती काढणारा पर्याय) देऊन परत टाक, मग अपडेट-इनिटरॅमएफएस (इनिटआरडी बनवायला), अपडेट-ग्रब (बूट मेनू ताजा करायला) चालव. जागेसाठी जुना कर्नल मात्र उडवू नकोस बाबा.

प्रश्नकर्ता: झाला सुरू! आता वायफाय गायब आहे, त्याचा वेगळा धागा काढतो.